फोटोतला डोंगर कसा ओळखायचा? आधी त्याचा शेजार बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या अल्बममध्ये एक फिकट पडलेला रंगीत फोटो सापडला. चार-पाच तरुण कातळावर बसलेत, मागे एका पठारावर शेजारी शेजारी दोन डोंगर आणि त्यांच्याही मागे एक टोकदार, उंच शिखर. फोटोच्या पाठीवर फक्त ‘नाताळची सुट्टी’ लिहिलंय. आई म्हणते मांगी-तुंगी, काका म्हणतात साल्हेर, आणि वडील आता सांगायला नाहीत. हा फोटो कुठून काढला असेल, आणि नुसत्या फोटोवरून डोंगर ओळखणारे लोक नेमकं काय बघतात, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या फोटोबद्दलचं माझं मत आधीच सांगतो. तो बहुधा नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेतल्या मार्कंड्या डोंगराच्या माथ्यावरून पूर्वेकडे बघत काढलाय. समोरची जोडी त्याच रांगेतल्या रवळ्या-जवळ्याची आणि मागचं टोक धोडप किल्ल्याचं. पण नुसतं नाव देऊन तुमचं समाधान होणार नाही आणि काकांचं तर मुळीच नाही, म्हणून या उत्तरापर्यंत कसा पोचलो ते सांगतो. बाकीच्या फोटोंनाही तीच पद्धत चालेल.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करा. फोटोत कोणता डोंगर दिसतोय हा एक, आणि फोटो कुठून काढलाय हा दुसरा. घरातली निम्मी भांडणं हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात. ‘हा साल्हेरचा फोटो’ म्हणजे फोटोत साल्हेर आहे की साल्हेरवर उभं राहून काढलाय? तुम्ही ज्या गडावर उभे असता तो गड तुमच्या फोटोत जवळपास नसतोच, पायाखालचा कातळ तेवढा असतो.

आता मुख्य मुद्दा. नवखा माणूस डोंगराचा आकार लक्षात ठेवतो आणि तिथेच फसतो. बघायची बाजू बदलली की डोंगराचा आकार बदलतो. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण धोडपच आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून वडाळीभोईच्या आसपास उत्तरेकडे बघितलं की पिंडीसारखा घुमट, त्याला जोडून आडवी कातळभिंत आणि त्या भिंतीत कापल्यासारखी खाच दिसते. ही आकृती नाशिकच्या शाळकरी ट्रेकरलाही पाठ असते. पण तोच धोडप रांगेच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून बघा. ती लांब भिंत आखडते, खाच दिसेलच असं नाही आणि उरतं ते एक उभं टोक. म्हणून तुमच्या फोटोतलं मागचं शिखर घरात कुणालाही धोडप वाटलं नाही. उंच आणि टोकदार दिसलं की आपल्याकडे साल्हेर म्हणायची पद्धतच आहे. नाशिक जिल्ह्यातला न ओळखलेला प्रत्येक डोंगर शेवटी साल्हेर होतो.

आकारापेक्षा शेजार भरवशाचा. कोणाच्या डावीकडे कोण, कोणाच्या मागे कोण, कोण उंच आणि कोण बुटका. एखादा डोंगर दुसऱ्यासारखा दिसू शकतो, पण चार डोंगर त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने दुसरीकडे कुठे उभे असणं जवळपास अशक्य.

त्यासाठी रांगांचा क्रम डोक्यात हवा. सातमाळेचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे असा: हातगड, अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, मग कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड आणि पार टोकाला मनमाडजवळ अणकाई-टणकाई. वणी-दिंडोरीच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून बघताना हाच क्रम डावीकडून उजवीकडे लागतो. कळवणच्या बाजूने बघताना उलटा. तुम्ही रांगेच्या कोणत्या बाजूला उभे होतात हे एवढ्यावरूनच कळतं. कळसूबाईच्या रांगेचंही तसंच. इगतपुरीकडून दक्षिणेला बघितलं तर डाव्या हाताला कळसूबाई, मग अलंग, मदन आणि उजवीकडे कुलंग. फोटोत हा क्रम उलटा दिसला तर फोटो घाटघरच्या बाजूचा असेल, नाहीतर आरशासारखा उलटलेला असेल.

हे उलटणं हसण्यावारी नेऊ नका. मोबाइलचा समोरचा कॅमेरा बऱ्याचदा सेल्फी उलटी साठवतो. जुन्या काळी निगेटिव्ह उलटी लावून छापलेले फोटोही सापडतात. तपासायला सोपं आहे. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो आणि घड्याळ बहुतेकांच्या डाव्या मनगटावर. तुमच्या फोटोत दोघांचे खिसे दिसतात, दोन्ही योग्य बाजूला आहेत. म्हणजे छपाई सरळ आहे आणि डावं-उजवं धरून पुढे जाता येतं.

आता तुमच्या फोटोतली जोडी. नाशिक जिल्ह्यात जोड्यांना तोटा नाही आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यांच्याचमुळे होतो. मांगी-तुंगी म्हणजे एकाच धारेवर उभे असलेले दोन अरुंद कातळसुळके. त्यांच्या खाली धार इतकी निमुळती आहे की तिच्यावर शेत सोडाच, घरही बसणार नाही. तुमच्या फोटोत जोडीच्या पायथ्याशी मोकळं, सपाट पठार दिसतं, त्यामुळे मांगी-तुंगी बाद. (नव्या फोटोंसाठी आणखी एक खूण: तिथे डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती 2016 साली पूर्ण झाली. त्यानंतरच्या फोटोंत त्या बाजूने ती लपत नाही.) साल्हेर-सालोटा ही जोडी विषम आहे. साल्हेर 1567 मीटरचा, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. सालोटा त्याच्यापुढे लहान आणि दोघांच्या मधे खोल खिंड. तुमच्या फोटोतले दोघे उंचीला जवळपास सारखे, त्यामुळे काकांचा साल्हेरही गेला. अणकाई-टणकाई सारख्या उंचीचे आहेत, माथेही सपाट आहेत, पण ते एका खिंडीने जोडलेत, दोघे मिळून एका मोठ्या पठारावर उभे नाहीत. शिवाय आसपास हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा सुळका आणि रेल्वेचा रूळ यांपैकी काहीतरी फोटोत शिरतंच. उरली रवळ्या-जवळ्याची जोडी: एक ऐसपैस पठार आणि त्यावर वेगळे उठलेले दोन माथे.

जोडी ठरली, पण बाजू अजून ठरली नाही. कॅमेरा उंचावर होता हे नक्की, कारण समोरचं पठार वरून दिसतंय आणि खालची शेतं खोल आहेत. रांगेत एवढ्या उंचीवर जोडीच्या दोन बाजूंना दोन जागा सुचतात. पूर्वेला धोडप, पश्चिमेला मार्कंड्या. धोडपवरून पश्चिमेकडे बघितलं असतं तर जोडीच्या मागे मार्कंड्या आणि त्याच्याही मागे सप्तशृंगीचा लांबलचक, दातेरी माथा आडवा पसरलेला दिसला असता. सप्तशृंगी कुठूनही बघा, ती एकटं टोक म्हणून दिसत नाही. तुमच्या फोटोत जोडीमागे एकच उभं शिखर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रांग खाली उतरते. म्हणजे बघणारा पश्चिमेला होता आणि बघत होता पूर्वेकडे.

मग सप्तशृंगीवरून काढला असेल का? नाही. गडावरून पूर्वेला बघितलं की मधे मार्कंड्या येतो आणि तो इतका जवळ आहे की चौकटीत त्याला टाळणं कठीण. देवीची मान किंचित कललेली आहे ती मार्कंडेय ऋषींचं पुराण ऐकण्यासाठी, असं आपल्याकडे सांगतात, यावरूनच दोन डोंगर किती समोरासमोर आहेत ते कळेल. मार्कंड्या दिसत नाही, कारण फोटो काढणारा त्याच्यावरच उभा होता.

आता सावल्या बघा. फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली खालच्या कडेला आली आहे. बसलेल्यांना ती दिसली असती तर त्यांनी त्याला बाजूला सरकवलं असतं, पण आपलं काम झालं. सावली पुढे पडलीय, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीमागे. पूर्वेकडे तोंड असताना सूर्य पाठीमागे, म्हणजे दुपार उलटून गेलेली. आणि सावली सरळ पुढे न जाता डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे कललीय. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो आणि पश्चिमेपेक्षा नैऋत्येकडे जास्त झुकून मावळतो. त्यामुळे तिसऱ्या प्रहरी सावल्या ईशान्येकडे जातात. हाच फोटो मे महिन्याच्या संध्याकाळी काढला असता तर सावली थोडी उजवीकडे झुकली असती. पाठीवरची ‘नाताळची सुट्टी’ आणि ही सावली एकमेकांशी जुळतात. दोन स्वतंत्र खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात तेव्हा मी नाव घ्यायला धजावतो. एकाच खुणेवर नाव घेत नाही.

सावलीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ही खूण फुकट मिळते आणि तरी कमी लोक वापरतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि नाशिक चौऱ्याहत्तरच्या थोडं अलीकडे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य सगळ्यात उंच येतो तो बाराला नाही, सरासरी बारा पस्तीसच्या सुमाराला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारानंतर लगेच, फेब्रुवारीत जवळजवळ पाऊण वाजता. त्या क्षणी उभ्या वस्तूची सावली उत्तरेला पडते, म्हणजे फोटोतच होकायंत्र मिळतं. अपवाद एवढाच की नाशिक वीस अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पण ती इतकी आखूड असते की तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही, आणि त्यातला निम्मा काळ ढगातच जातो. उगवतीचंही लक्षात ठेवा. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. ‘सूर्योदय म्हणजे पूर्व’ असं धरून नकाशा लावाल तर अख्खी रांग चुकेल.

दुसरी फुकट खूण म्हणजे क्षितिज. तुम्ही जितक्या उंचीवर उभे असता, साधारण तितक्याच उंचीचे जवळचे माथे क्षितिजाच्या रेषेला टेकतात. जे रेषेच्या वर निघतात ते तुमच्याहून उंच, जे खाली राहतात ते बुटके. तुमच्या फोटोत मागचं शिखर रेषेच्या वर आहे आणि धोडप मार्कंड्याहून उंच आहे, तेव्हा हेही जुळतं. कळसूबाईच्या माथ्यावरून, म्हणजे 1646 मीटरवरून काढलेल्या फोटोत महाराष्ट्रातला कुठलाच डोंगर रेषेच्या वर दिसणार नाही. कुणी ‘कळसूबाईवरून’ म्हणून दिलेल्या फोटोत समोर एखादा माथा डोकं वर काढून उभा असेल तर खुशाल शंका घ्या. लांबच्या डोंगरांना मात्र हा नियम लावू नका. पृथ्वीच्या गोलाईमुळे तीस किलोमीटरवरचा माथा साठ-सत्तर मीटर खाली गेल्यासारखा दिसतो.

डोंगर ठरले की नेमकी जागा काढायची. इथे भूमापनवाल्यांची जुनी रीत कामाला येते. फोटोत जवळच्या डोंगराची कड आणि लांबच्या डोंगराचं टोक एकावर एक आलेली जागा शोधा. नकाशावर त्या दोन बिंदूंतून रेघ ओढा आणि आपल्या बाजूला वाढवा. कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी होता. फोटोत अशी दुसरी जोडी शोधून दुसरी रेघ ओढा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. माथ्यावर दहा पावलं सरकलं तरी जवळच्या कडेमागे लांबचं टोक कितीतरी सरकतं, म्हणून जोडीतला एक डोंगर जवळचा आणि एक लांबचा घ्यायचा. दोन्ही लांबचे घेतले तर रेघ जराशी चुकली तरी छेद कुठेही पडतो. तुमच्या फोटोत धोडपचं टोक डाव्या माथ्याच्या उजव्या उतारावर टेकलंय, ही एक रेघ झाली. दुसऱ्या रेघेसाठी पठाराची कड आणि खालच्या खोऱ्यातली एखादी टेकडी वापरता येईल, पण तुम्ही पाठवलेल्या प्रतीत खोरं पांढरं पडलंय. मूळ फोटो चांगल्या स्कॅनरवर घेतलात तर दिसेल.

साधनांचं म्हणाल तर गुगल अर्थ पुरतं. कॅमेरा जमिनीलगत आणून आडवं बघायची सोय त्यात आहे. पीकफाइंडरसारखी अ‍ॅपं शिखरांच्या रेषा काढून नावं लावतात, तीही बरी. पण एक समजून घ्या. अशा साधनांमागे उंचीची जी माहिती असते ती बरीचशी 2000 सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आलेली आहे आणि तिच्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण तीस मीटर. सह्याद्रीचा उभा कडा तीस मीटरच्या चौकोनात बसत नाही. हडबीची शेंडी, नवरा-नवरीचे सुळके, इखारा असले बारीक सुळके या नकाशांत गोलसर टेकाड होतात किंवा गायबच होतात, आणि कडे उतारासारखे दिसतात. म्हणून अ‍ॅपमधली रेषा फोटोशी हुबेहूब जुळली नाही म्हणून जागा बाद करू नका. मोठ्या माथ्यांचा क्रम आणि अंतरं जुळतात का तेवढं पाहा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी टोपोशीटवर (1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर) समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे कडा आहे, हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा स्पष्ट कळतं. गावांची आणि पाड्यांची नावंही तिथे जास्त मिळतात.

फोटो मोबाइलचा असेल तर हे सगळं करण्याआधी फाइलची माहिती उघडून बघा. लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश आतच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ते उरत नाहीत, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतात. व्हॉट्सअ‍ॅप फाइलच्या नावात जी तारीख घालतं तिला फोटोची तारीख समजू नका. पाच वर्षांपूर्वीचा फोटो काल आला तर नावात कालची तारीख येते.

डोंगर अजिबात ओळखीचा वाटत नसेल तेव्हा मी वर बघायचं सोडून खाली बघतो. शेतं जिल्ह्याचा भाग सांगतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चांदवड-मालेगावकडे सहाशेच्या आतबाहेर, आणि हा फरक फोटोत लपत नाही. भाताची खाचरं, कौलारू घरं आणि उतारावर नागली-वरई असेल तर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे जा. कांदाचाळी दिसल्या तर कळवण, देवळा, चांदवड, बागलाण. डाळिंबाचे ठेंगणे ताटवे सटाणा-मालेगावकडचे. द्राक्षाचे मांडव दिसले की लोक लगेच दिंडोरी-निफाड म्हणतात, पण बागलाणातही हंगामाआधीची द्राक्षं घेतात, तेव्हा तेवढ्यावर शिक्का मारू नका. पावसाळ्यातल्या फोटोत ही खूण जवळजवळ निकामी होते. ऑगस्टमध्ये चांदवडचा उघडाबोडका डोंगरही हिरवागार दिसतो, आणि मोबाइलच्या फिल्टरने तर आंबोलीसारखा दिसतो.

पाण्याचा तुकडा दिसला तर निम्मं काम झालं. हरिहरवरून दक्षिणेला वैतरणेचं पसरलेलं पाणी, रतनगडावरून भंडारदऱ्याचं, मुल्हेर-मोऱ्याच्या बाजूला हरणबारीचं. जलाशयाचा काठ नकाशावरच्या आकाराशी ताडून बघताना महिना विसरू नका. ऑक्टोबरात तुडुंब भरलेलं धरण मे महिन्यात निम्मं आटतं आणि काठ ओळखू येत नाही. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात, तिथे उन्हाळ्यातलं चित्र निवडा. पट्टा आणि औंढा या किल्ल्यांच्या बाजूच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. फोटोत त्या दिसल्या तर जागाही कळते आणि फोटो फार जुना नाही हेही कळतं.

नेढ्यांबद्दलही दोन शब्द, कारण ‘डोंगराला आरपार भोक’ असा फोटो दर पावसाळ्यात फिरतो आणि सगळे रतनगड म्हणून मोकळे होतात. रतनगडाचं नेढं प्रसिद्ध खरं, पण आपल्या जिल्ह्यात कळवणजवळच्या कण्हेरगडाला नेढं आहे, मोहनदरला आहे आणि पिंपळ्याचं तर चांगलंच मोठं आहे. नेढ्याच्या भोकातून पलीकडे काय दिसतं ते बघा. रतनगडाच्या आसपास झाडी दाट आणि डोंगरांची गर्दी, कळवणकडे मोकळं खोरं आणि शेतं.

तसाच घोळ पायऱ्यांचा. हरिहरचा फोटो कलावंतीण म्हणून आणि कलावंतीणचा हरिहर म्हणून कितीदा फिरला असेल देव जाणे. हरिहरच्या पायऱ्या कातळात सरळ एका रेषेत शिडीसारख्या चढतात, हात रोवायला बाजूने खोबण्या आहेत आणि वर दरवाजा दिसतो. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या वळणं घेत जातात आणि शेजारी प्रबळगडाचं भलंमोठं पठार असतं. पुन्हा तेच: पायऱ्यांकडे न बघता शेजारी कोण आहे ते बघितलं तर पाच सेकंदांचं काम.

कातळ स्वतःही बोलतो. आपला सगळा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. ते थर जवळजवळ आडवे आहेत आणि एकाच थराची पट्टी शेजारच्या डोंगरांवर साधारण त्याच उंचीला दिसते. धोडपची भिंत मात्र वेगळी. ती या थरांना उभी छेदून वर आलेल्या लाव्हाची आहे, भूगर्भवाले तिला डाईक म्हणतात. आजूबाजूचा मऊ दगड झिजला आणि ती उरली. हल्ली संगणकाने बनवलेले खोटे ‘सह्याद्रीचे’ फोटो फिरतात, ते पकडायला ही आडवी पट्टी फार उपयोगी. त्या चित्रांत कडे आल्प्ससारखे तिरपे तुटलेले असतात, एका डोंगरावरचा थर शेजारच्या डोंगरावर सापडत नाही आणि बुरूज अशा जागी उभा असतो जिथे गवंडी पोचलाच नसता.

फोटो ताणलेले असतात हेही ध्यानात घ्या. उभ्या रीळमध्ये बसवण्यासाठी आडवा फोटो वरखाली ओढला की साधी टेकडी सुळका होते. माणसांची डोकी लांबट दिसतात का बघा. पॅनोरमात सरळ रांग कमानीसारखी वाकते. झूम केल्यावर लांबचा डोंगर जवळच्याच्या अंगावर आल्यासारखा दिसतो. गंगापूर धरणाच्या पाण्यामागे अंजनेरी अगदी उशाशी असल्यासारखी दिसते ती झूममुळे. झूम कितीही करा, एकावर एक आलेल्या टोकांची जोडी बदलत नाही. ती फक्त उभं राहायची जागा बदलल्यावर बदलते. म्हणून वरची रेघांची रीत झूम केलेल्या फोटोलाही चालते.

जागा ओळखता आली म्हणजे सांगितलीच पाहिजे असं नाही. अंजनेरीला कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, तिचं नावच या डोंगरावरून पडलंय. तिच्या फुलाच्या फोटोखाली ‘अचूक ठिकाण?’ असं कुणी विचारलं की मी तालुक्यापलीकडे काही सांगत नाही. गिधाडांच्या घरट्याचे कडे, लोकांना नवीन असलेले धबधबे, यांचंही तसंच. आणि एकट्यादुकट्या मुलीने आज टाकलेल्या फोटोवरून ती आत्ता कुठे आहे हे शोधून दाखवायची हुशारी तर कुणी करूच नये.

सांगायलाच हवं अशी वेळ एकच: कुणी वाट चुकलेलं असतं तेव्हा. अशा वेळी लोक घाबरून पायाखालच्या झुडपाचा किंवा स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो पाठवतात आणि त्यातून काही निघत नाही. आधी 112 ला फोन करा. मग एका जागी उभे राहून चारही दिशांना क्षितिज दिसेल असे फोटो काढा, एकात सूर्याची बाजू किंवा स्वतःची सावली येऊ द्या, ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि सोबत वेळ लिहा. झूम करू नका. रांगा माहीत असलेल्या माणसाला तेवढ्यावरून तुम्ही कोणत्या सोंडेवर आहात हे बहुतेक वेळा सांगता येतं.

आता तुमच्या फोटोपुरतं उरलेलं काम. घरात आईला ‘मांगी-तुंगीला कधी गेला होतात’ असं विचारण्याऐवजी ‘त्या नाताळात गडावर गेला होतात का’ असं विचारा. आपल्याकडे नुसतं ‘गड’ म्हटलं की वणीचा गड, म्हणजे सप्तशृंगी, आणि गडावर गेलेली तरुण मंडळी समोरचा मार्कंड्या बघून तिकडे वळली असतील हे अगदी शक्य आहे. त्याच रिळातले आधीचे-नंतरचे फोटो अल्बममध्ये शोधा. कडा, कागदाचा पोत आणि मागचा शिक्का सारखा असेल तर ते एकाच धुलाईचे. त्यात देवळाच्या पायऱ्या, नांदुरीचा घाट किंवा बसची पाटी असलेला एखादा फोटो निघाला तर माझ्या रेघांपेक्षा तोच पक्का पुरावा. नाही निघाला तर मूळ फोटो सहाशे डीपीआयला स्कॅन करून खोऱ्याचा भाग तेवढा थोडा गडद करून पाठवा. पठाराच्या उजव्या कडेखाली एखादी टेकडी दिसली की दुसरी रेघ ओढता येईल, आणि मग मंडळी मार्कंड्याच्या नेमक्या कोणत्या कडेला बसली होती तेही सांगता येईल.